पहिला चिंचोका

गावाला काय पाहिजे हे सरकारला कसं कळत असेल, हा प्रश्न मला लातूरला भाकऱ्या थापताना पडला. घरी असताना कधी पडला नव्हता. तिथं जे यायचं ते यायचं. एका साली ताडपत्री आली, एका साली शिलाई मशीन, एकदा घरटी दोन शेळ्या. कुणी मागितल्या होत्या, का आल्या, हे कुणी विचारलं नाही. आल्या म्हणून बांधल्या. पण मी ज्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते तिथं तपासणीला माणसं येतात. गाद्या किती, पंखे किती, मुलींना काय हवं, सगळं विचारतात आणि लिहून नेतात. आणि कधी कधी खरंच पंखा येतो. मला त्याचं फार नवल वाटायचं. लिहिलेलं कुठं जातं, कोण वाचतं, आणि तिकडून पंखा होऊन परत कसं येतं?

मी स्वतः सहावीतून शाळा सोडलेली. त्यामुळं मुली पुस्तक उघडून बसल्या की मला त्यांच्या ताटात एक भाकरी जास्त वाढावीशी वाटते. वर्ष संपलं की त्या वह्या रद्दीत टाकतात. त्यांतली कोरी पानं मी काढून घेते आणि सुईदोऱ्यानं शिवते. हे त्याच पानांवर लिहिते आहे. मध्येच कुणाचं तरी अर्धं सोडवलेलं गणित येतं, ते सोडून पुढं जाते.

नऊ वर्षांपूर्वी इथं आले तेव्हा मला गॅस पेटवता येत नव्हता. साठ जणींचं वरण कसं करतात हे डोक्यात मावत नव्हतं. आमच्या स्वयंपाकघराची मुख्य खाला, म्हणजे मावशी. जुन्या लातूरची, सासरचे पिढ्यान् पिढ्या लग्नाच्या देगी चढवणारे. तिनं मला हाताला धरून शिकवलं. मी दोनदा भात करपवला तेव्हा तिनं दोष आपल्या अंगावर घेतला, हे मी विसरत नाही. तिचा एक नियम होता. मोठी माणसं जेवायला असली की पहिलं ताट सगळ्यांत मोठ्याचं, मग उतरत्या मानानं बाकीच्यांचं. "पहिला निवाला बड्याचा, बेटी. मग कुणाचं तोंड वाकडं होत न्हाई," असं ती म्हणायची. नऊ वर्षांत तो नियम माझ्या हातात इतका मुरला की मला तो आठवावाही लागत नाही. पुढं जे झालं ते त्याच्यामुळं झालं. खालाचा त्यात काही दोष नाही.

दिवाळीत वसतिगृह बंद असतं. मुली आपापल्या गावी जातात आणि मीही जाते. लातूरहून नांदेड, नांदेडहून किनवट, तिथून काळीपिवळी, आणि फाट्यावर उतरून दीड तास चढ. आमचं पोड डोंगराच्या खांद्यावर आहे. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. बावीस घरं, मधोमध चावडी. चावडी म्हणजे कुडाच्या भिंतींची मोकळी जागा. पोडाचं काहीही ठरवायचं असलं की सगळे तिथं जमतात, आणि परगावचा माणूस आला की तिथंच उतरतो. मी सांगते आहे ती दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीची गोष्ट. त्या साली पावसाळ्यात चावडीचं अर्धं छप्पर वाऱ्यानं उडालं होतं.

आई-वडील गेल्यापासून माझं घर म्हणजे थोरल्या बहिणीचं घर. आमच्या अक्काचं. त्याच साली उन्हाळ्यात अक्का झिऱ्याच्या उतारावर घसरून पडली होती. झिरा म्हणजे खाली नाल्याच्या खडकात पाझरून साठणारं पाणी. ते करवंटीनं काढून हंड्यात ओतायचं. तळ दिसला की पुन्हा साठेपर्यंत खडकावर बसायचं, आणि मग हंडा घेऊन वर चढायचं. किनवटच्या डॉक्टरनं अक्काला सांगितलं होतं की कमरेवर आता वजन घ्यायचं नाही, घेतलं तर पुढं पाय ओढत चालावं लागेल. अक्कानं डॉक्टरपुढं मान हलवली, घरी आली आणि हंडा उचलला. दुसरं कोण उचलणार? नवरा पहाटेच बांबूला रानात जातो, सासूला दिसत नाही.

मीही शाळा सोडली ती याच पाण्यासाठी. सहावीत असताना दिवाळीला आश्रमशाळेतून घरी आले. आई तापानं निजून होती, अक्का सासरी. सासर पोडातच, पण तिचं तिला पुरेना. मी हंडा घेतला आणि सुट्टी संपली तरी घेतलाच. कुणी परत जा म्हटलं नाही, कुणी जाऊ नको असंही म्हटलं नाही.

तर त्या दिवाळीत, मी जाऊन तीन दिवस झाले असतील, सकाळी जीप फाट्यापर्यंत आली आणि तिथून माणसं चालत वर आली. एक मॅडम आणि त्यांच्याबरोबर दोघं. मॅडम नायगावकडच्या, चाळिशीच्या आसपास. पायात बूट, पदर खोचलेला, चढून चढून तोंड लालभडक. त्या म्हणाल्या, पोडाचा आराखडा करायचा आहे. पुढच्या काही वर्षांत इथं काय काय व्हायला पाहिजे ते तुम्हीच सांगायचं, आम्ही फक्त लिहून घेणार.

मला इतकं बरं वाटलं! पंखा जिथून निघतो ती जागा आज दिसणार, असं काहीतरी मनात आलं. त्यात मॅडमना आमची बोली येत नव्हती आणि पोडातल्या बायांना मराठी जेमतेम. लातूरला राहून माझं मराठी सुधारलेलं. मॅडमनी मला जवळ बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, तुम्ही मधे उभ्या राहा, माझं त्यांना सांगा, त्यांचं मला. "तुम्ही" म्हणाल्या. मला घाम फुटला.

पहिल्यांदा त्यांनी रांगोळीची पिशवी अक्काच्या हातात दिली आणि जमिनीवर गाव काढायला सांगितलं. बाया हसायला लागल्या. स्वतःचं गाव कुणी काढतं का? पण अक्का वाकली. मधे चावडी काढली, भोवती घरं, देवाची जागा, रानात जायची वाट. मग झिऱ्याची वाट काढायला लागली आणि थांबेचना. रांगोळी चावडीच्या बाहेर गेली, उंबराच्या बुंध्यापर्यंत गेली. सगळं पोड एका सुपाएवढं आणि झिऱ्याची वाट त्याच्या चौपट. मॅडमनी विचारलं, इतकं लांब आहे का? मी अक्काला विचारलं. अक्का वर न बघता म्हणाली, "जाताना न्हाई. येताना एवढंच हाय."

मी ते मॅडमना सांगितलं. त्यांनी वहीत काहीतरी टिपलं. पण तेव्हा पाऊस नुकताच संपलेला, खाली नाला खळखळत होता, त्याचा आवाज चावडीपर्यंत येत होता. दिवाळीत आमच्याकडं पाणी आहे असंच दिसतं. उन्हाळ्यात यायला जीपवाले कुरकुरतात.

मग त्यांनी पाच चित्रं जमिनीवर मांडली आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर खडे ठेवले. पक्कं घर, नळ, रस्ता, संडास आणि खांबांची एक पिवळी इमारत. इमारतीचं नाव समाजमंदिर, पण पोडातल्या सगळ्यांनी ती चावडी म्हणूनच ओळखली. प्रत्येकानं एक बी घ्यायची आणि आपल्याला सगळ्यांत आधी जे हवं त्या चित्रावर ठेवायची. कुणी कुणाला विचारायचं नाही, कुणी कुणाला सांगायचं नाही. बिया मोजल्या की कशाला किती मागणी ते कळतं आणि त्या क्रमानं वर लिहिलं जातं. मला ही युक्ती फार आवडली. ज्याला बोलता येत नाही त्याचंही यात ऐकू येतं. अक्काच्या घरून मी चिंचोक्यांची वाटी आणली. मॅडमनी सांगितलं, तुम्हीच वाटा.

हातात वाटी आली आणि हात खालाच्या नियमानं चालले. मी सरळ नाईक आज्यापुढं गेले. नाईक म्हणजे पोडाचा प्रमुख. आमचा नाईक म्हातारा आहे, सगळे त्याला आजा म्हणतात. तो नेहमीसारखा चावडीच्या कडेला बांबूच्या कामट्या सोलत बसला होता. मी पहिला चिंचोका त्याच्यापुढं धरला.

त्यानं चिंचोका बघितला, मग मला बघितलं. "मलाच पहिलं?" त्यानं आमच्या बोलीत विचारलं.

"हाव आजा."

तो सुरी खाली ठेवून उठला. चित्रांभोवती दोन फेऱ्या मारल्या. नळापाशी जरा थांबला. मग पुढं जाऊन पिवळ्या इमारतीवर चिंचोका ठेवला आणि परत कामट्या सोलायला बसला.

नंतर मी सगळ्यांना वाटले. म्हातारे उठले, इमारतीवर ठेवून आले. बापे उठले, इमारतीवर. बाया उठल्या, त्याही तिथंच. अक्काच्या सासूला मी धरून नेलं. तिनं विचारलं, आज्यानं कुठं ठेवला? मी म्हटलं, असं विचारायचं नसतं. ती म्हणाली, मग मला तिथं नेऊन सोड. अक्काचा हात नळाच्या चित्रावर येऊन थांबलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितला. तिथून तो उचलला गेला आणि इमारतीवर गेला. ढीग इतका झाला की काही चिंचोके घरंगळून खाली पडले. बाकीची चारही चित्रं कोरी.

मॅडम त्या ढिगापाशी येऊन वाकल्या. "पाणी कुणालाच नको?" त्यांनी मला विचारलं. मी सगळ्यांना विचारलं. कुणी बोललं नाही. "तुम्ही नीट समजावून सांगितलं ना?" मी हो म्हटलं. सांगितलं होतंच. त्यांच्याबरोबरच्या एकानं ढिगाचा फोटो काढला, दुसऱ्यानं चिंचोके मोजून लिहिले, आणि उन्हं कलायच्या आत ते खाली उतरून गेले. अक्काची रांगोळी कोंबड्यांनी विसकटली.

मला काही कळेना. मी अक्काला विचारलं तर ती कोंबड्या डालायला उठून गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्याबरोबर झिऱ्यावर गेले. नाल्याचं पाणी गढूळ, म्हणून प्यायला झिऱ्यातलंच; ती ते करवंटीनं काढत होती, मी हंडा धरून बसले होते. तेव्हा ती म्हणाली, "तू त्याला पहिलं दिलंस. आपली रीत इसरली का तू?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्यात नाईक शेवटी बोलतो. काही ठरवायचं असलं की आधी सगळे बोलून घेतात, कधी दोन दिवस, कधी आठ. म्हातारे बोलतात, पोरं बोलतात, बाया कुडाच्या आडून बोलतात, भांडणंही होतात. नाईक कामट्या सोलत ऐकत राहतो. सगळं बोलून झालं की तो एकच वाक्य बोलतो, आणि त्यानंतर त्यावर कुणी बोलत नाही. बोलायला काही उरलेलंच नसतं. आणि मी त्यालाच सुरुवात करायला लावली. नाईकाचा चिंचोका पडला म्हणजे विषय संपला. बाकीच्यांनी आपले चिंचोके त्याच्यावर ठेवले ते मागणी म्हणून नाही, आम्ही ऐकलं एवढं सांगायला.

मॅडमना हे कुठून माहीत असणार? माहीत असायला पाहिजे होतं मला. लहानपणापासून मी ते बघत आले होते. पहिला निवाला बड्याचा, हे लातूरला बरोबर होतं. पोडात त्यानं बावीस घरांचं पाणी घालवलं होतं.

"अक्का, मी आज्याला जाऊन विचारते," मी म्हटलं.

"काय विचारशील? नाईकाला का म्हणून कोण विचारतं?"

खरंच कुणी विचारत नाही. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. अक्का हंडा घेऊन निघाली की मी मागून पळत जाऊन तिच्याकडून हिसकून घ्यायची, आणि ती म्हणायची, चार दिवस घेशील, मग लातूरला जाशील. त्यात टोमणा नव्हता. ते खरंच होतं.

तिसऱ्या दिवशी मी गेले. आजा एकटाच चावडीत होता, टोपलीचा तळ विणत होता. मी जवळ बसून कामट्या सारख्या करायला लागले. लहानपणी करायचे तशा. बऱ्याच वेळानं म्हटलं, आजा, माझं चुकलं, मी तुला पहिलं द्यायला नको होतं.

"हाव, चुकलं," तो म्हणाला. "सात वरसं दुसऱ्याच्या चुलीवर राहिलं की असं होतं." मग हसला. "पण मला गंमत वाटली. मला आजवर पहिलं कुणी विचारलंच न्हाई."

त्याचा आवाज बरा वाटला म्हणून मी धीर केला. म्हटलं, मग तू नळावर का नाही ठेवलास? तू तिथं थांबला होतास, मी बघितलं.

त्यानं टोपली फिरवून पुढची कामटी ओवली. मला वाटलं, आता उठून जा म्हणणार. मग तो बोलला. आमच्या बोलीत बोलला. मी मराठीत लिहिते आहे, त्यामुळं थोडं इकडं तिकडं होईल.

"माझ्या हयातीत इथं लई साहेब आले. सकाळी येतात, पाण्याची बाटली संगं आणतात, उन्हं उतरायच्या आत जातात. पाण्याचं प्रत्येकाला सांगून झालं. लिहून घेतात. पण तहान लागलेल्यानं लिहिलं तर येगळं आणि बाटलीवाल्यानं लिहिलं तर येगळं. त्यांना इथं ठिवायचं कुठं? चावडीला छप्पर न्हाई. छप्पर झालं तर एखादा राहील. जो इथं एक रात राहील त्याला सकाळी पाणी लागेल. मग आपल्याला मागायची गरज न्हाई."

मी हातातल्या कामट्या खाली ठेवल्या. एवढा वेळ मला वाटत होतं की आज्यानं मानापानाचा विचार केला, पोडाची इमारत मोठी दिसावी म्हणून. चित्रांभोवती दोन फेऱ्या मारता मारता त्यानं हे सगळं जुळवलं होतं! आणि कुणाला सांगितलंही नव्हतं.

म्हटलं, पण हे त्या मॅडमना कसं कळणार?

"ते मला काय ठावं?" आजा म्हणाला. "मधे तू उभी होतीस."

परत जाताना मी किनवटला उतरून मॅडमच्या कचेरीत गेले. अशा कचेरीत मी कधी पाय ठेवला नव्हता. दारात तीनदा आत-बाहेर केलं. काय बोलायचं ते मी काळीपिवळीत पाठ केलं होतं, आणि शिपायानं "काय काम?" विचारल्यावर सगळं विसरले. त्यानं बाकावर बसवलं. दुपारची नांदेडची गाडी गेली तरी मी बसूनच होते. मॅडम बाहेरून आल्या त्या मला बघून थांबल्या आणि त्यांनीच ओळखलं. "रांगोळीवाल्या बाईंच्या बहीण ना?" म्हणाल्या. मला आत नेलं, खुर्ची दिली, पाणी दिलं.

मी आधी माझी चूक सांगितली. खालाचा नियम, आमची रीत, कोण आधी आणि कोण शेवटी. त्यांनी कपाळाला हात लावला. त्या म्हणाल्या की हीच चित्रं घेऊन त्या कितीतरी वस्त्यांवर गेल्या होत्या. कुठं कुठं असेच ढीग झाले होते, आणि लोकांचं किती एकमत आहे म्हणून त्यांना बरं वाटलं होतं. आता त्यांना प्रत्येक ढीग आठवायला लागला. मग मी आज्याचं बोलणं सांगितलं, जसंच्या तसं. बाटलीवाला शब्द गाळावा असं वाटलं होतं, पण गाळला नाही.

मॅडम आधी हसल्या. नंतर टेबलावरची आपली बाटली त्यांनी उगीचच दुसऱ्या बाजूला सरकवली.

त्या म्हणाल्या, कागद पुढं गेला आहे, तो आता फिरत नाही. पोडाच्या नावावर समाजमंदिर लागलं. पण पुरवणी जोडता येते, आणि पाणी त्यात घालायचं तर स्वतः बघून लिहावं लागेल, नुसतं ऐकून चालणार नाही. "छप्पर झालं की मी येईन," त्या म्हणाल्या. "राहायला येईन. तुमच्या आजोबांना सांगा."

संध्याकाळच्या बसनं मी नांदेडला पोचले आणि तिथून लातूरला. खालाला सगळं सांगितलं. तिनं कणीक मळता मळता ऐकलं आणि म्हणाली, बाई येणार न्हाई. असं बोलणारे लई बघितले. पण रोज सकाळी ती मला विचारायची, छप्पर झालं का? मुलींनाही तिनंच सांगितलं असणार, कारण जेवायच्या रांगेत त्याही विचारायला लागल्या.

छप्पर झालं होळीच्या सुमाराला. खांबांची पिवळी इमारत नव्हती ती. चावडीच्याच भिंती नीट करून वर पत्रे घातले, खाली फरशी. आणि एप्रिलमध्ये, ऊन जिभेवर लागतं त्या दिवसांत, मॅडम आल्या.

मला हे अक्कानं फोनवर सांगितलं. पोडात फोन लागत नाही. वर देवाच्या जागेपलीकडं एक खडक आहे, तिथं उभं राहिलं तर लागतो. अक्का धापा टाकत होती. म्हणाली, मॅडम दुपारी आल्या, चावडीत राहिल्या, सकाळी गेल्या. आज्यानं आधीच घरोघर सांगून ठेवलं होतं की चावडीतल्या रांजणात कुणीही पाणी भरायचं नाही. रिकामा राहू द्या. सकाळी त्यांना रिकामा दिसला पाहिजे.

"मग?" मी विचारलं.

अक्का उन्हाबद्दल बोलायला लागली.

"अक्का, मग?"

"भरला आम्ही," ती म्हणाली. "पाहुणी बाई कोरड्या रांजणापुढं बसवायची? मला न्हाई जमलं. मी एक हंडा टाकला. मग कळलं की सगळ्याच टाकून राहिल्या. आजा रानातून येईस्तोवर काठोकाठ भरला."

एप्रिलमध्ये झिऱ्याचा एक हंडा भरायला किती वेळ लागतो ते मला ठाऊक आहे. त्या कमरेनं अक्का एक फेरी जास्त उतरली आणि चढली. कशासाठी, तर आपल्याला पाणी कमी आहे हे पाहुणीला कळू नये म्हणून. सहा महिने मी ज्याची वाट बघत होते ते या बायांनी कुणी न सांगता, एकमेकींना न विचारता बुडवलं होतं. आणि मी तिथं असते तर मीही हंडा टाकला असता, हेही मला कळत होतं.

आजा बायांशी बोलणं सोडून बसला होता, अक्का म्हणाली. मग म्हणाली, पण पुढं ऐक.

सकाळी मॅडम उठल्या. रांजणावरची ताटली काढली, आत बघितलं आणि ताटली परत ठेवली. एक तांब्याही घेतला नाही. सरळ अक्काच्या दारात आल्या. अक्का रिकामा हंडा घेऊन निघालीच होती. मोडक्यातोडक्या खुणांनी त्यांनी विचारलं, एवढं पाणी आणलं कुठून? अक्कानं खाली हात केला. मॅडमनी दारातली कळशी उचलली आणि निघाल्या तिच्या मागं. झिऱ्याला तळ दिसत होता. त्या खडकावर बसल्या, साठेपर्यंत थांबल्या, करवंटीनं काढलं, पुन्हा थांबल्या. घड्याळ बघायच्या आणि वहीत लिहायच्या. कळशी भरली तेव्हा ऊन वर आलं होतं. चढताना त्या दोनदा बसल्या. दुसऱ्यांदा बसल्या तिथूनच त्यांनी वर पोडाकडं बघितलं आणि अक्काला काहीतरी म्हणाल्या. अक्काला मराठीतलं एवढं समजलं की रांगोळीबद्दल बोलत होत्या.

"मी म्हटलं, हाव," अक्का म्हणाली. "येताना एवढंच हाय."

हे झालं त्याला आता वर्ष होऊन गेलं. मी या दिवाळीला घरी गेले तेव्हा नाल्याच्या वरच्या अंगाला कूपनलिका झाली होती, तिच्यावर सूर्याच्या उजेडावर चालणारा पंप, आणि चावडीच्या बाजूला काळी टाकी. टाकीला दोन तोट्या. पावसाळ्यात ऊन नसलं की पंप बसतो आणि बाया परत झिऱ्यावर जातात. एक तोटी गळते. पण अक्का चालताना पाय ओढत नाही. मी तिच्या मागं मागं चालून बघितलं, तिला कळू न देता, दोनदा.

संध्याकाळी चावडीत सगळे बसले होते. पुरुष मधे, आम्ही बाया कडेला. आज्याचा राग केव्हाच गेला होता, पण रांजणाची गोष्ट तो काही सोडत नव्हता. तुम्हा बायांमुळं माझी सगळी युक्ती पाण्यात जात होती, असं तो रोज एकदा म्हणतो, असं कळलं. मग रस्त्याचा विषय निघाला. फाट्यापासून वर अजून पायवाटच आहे. आजारी माणूस बाजेवर टाकून न्यावा लागतो. मी म्हटलं, आजा, परत चित्रं घेऊन आले तर या वेळी वाटी तुझ्याकडं शेवटी आणीन.

"चित्रानं रस्ता येत न्हाई," आजा म्हणाला. त्यानं कामटी दातात धरून सोलली आणि थुंकला. "त्याच्यासाठी एखादा साहेब इथं रातीला आजारी पडला पाहिजे."

अक्का म्हणाली, असं वाईट बोलू नये.

"वाईट कसलं?" आजा आमच्याकडं वळला. "तो आजारी पडंल. अन् तुम्ही बाया त्याला काढा पाजून सकाळपर्यंत बरा कराल."